म्हसोबा उजव्या हाताला

समस्त पुणेकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, मोटारींच्या शर्यतींच्या जागतिक इतिहासात आपल्या शहरानं जे कार्य केलं, त्याची आजवर कोणीही दखल घेतलेली नाही. आणि त्या कार्याचा मी स्वतः साक्षीदार असल्यामुळे शपथेवर सांगतो की, न घेणाऱ्यांचं काहीही चुकलेलं नाही.

हे कार्य धायरीत झालं, ऐंशीचं दशक संपता संपता. तेव्हा धायरी गाव होतं आणि सिंहगड रोडवरून आत वळलं की शहर संपायचं. गावामागे तात्या नावाच्या शेतकऱ्याचं सपाट रान होतं. ज्वारी निघाली की पाऊस पडेपर्यंत ते मोकळं. त्या रानात ट्रॅक्टरनं एक लांबट गोल आखायचा, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारायचं आणि रविवारी सकाळी सात-आठ गाड्या एकमेकींच्या मागे गोल गोल पळवायच्या, याला आम्ही रेस म्हणत असू. गोल इतका आखूड होता की तिसऱ्या फेरीनंतर पुढची गाडी कोणती आणि मागची कोणती हे परमेश्वराला आणि मला, दोघांनाच ठाऊक असे. त्यातला मी अंदाजानं सांगायचो.

सांगायचं काम माझ्याकडे होतं. आठवडाभर बँकेत कारकुनी आणि रविवारी धायरीत लाऊडस्पीकर. गणेशोत्सवात हरवलेल्या मुलांची नावं पुकारून माझा आवाज तयार झाला होता. हरवलेली मुलं आणि रेसचे ड्रायव्हर यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे काम जड गेलं नाही.

गाड्यांबद्दल काय सांगावं! टॅक्सी म्हणून निवृत्त झालेल्या, दारं वेल्डिंगनं बंद केलेल्या, काचा काढलेल्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा ठोकलेल्या. कुठल्या कंपनीच्या ते सांगत नाही. लेकरं म्हातारपणी काय थेरं करतील, याचा दोष आईबापांना देऊ नये. आणि ते चालक! एक दातांचे डॉक्टर, एक पोल्ट्रीवाले, एक मंगल कार्यालयाचे मालक. सोमवार ते शनिवार ही माणसं इतकी सभ्य, की रस्ता ओलांडताना दोनदा दोन्हीकडे बघायची. रविवारी हेल्मेट डोक्यात घातलं की पाय फाकून चालू लागायची. तात्याच्या ज्वारीच्या रानाला 'सर्किट' म्हणायची. निम्मे प्रेक्षक गाड्या आपटलेल्या बघायला यायचे आणि उरलेले निम्मे ड्रायव्हरांचे नातेवाईक असायचे. तेही त्याचसाठी यायचे.

या सगळ्या मंडळींना त्यांची खरी किंमत सांगणारा एकच माणूस त्या मैदानावर होता. विष्णुपंत दाबके.

सदाशिव पेठेतल्या एका बोळात, पूर्वी जिथे टांग्याची घोडी बांधायचे त्या पागेत, त्यांचं गॅरेज होतं. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर ऐन मेमध्येही लोकरी कानटोपी आणि हातात नेहमी एक फडकं. गॅरेजवर पाटी नव्हती. एवढ्या पाट्यांच्या गावात तुमचीच पाटी कशी नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, पाटी वाचून समजण्याइतकी अक्कल ज्याला आहे, तो गाडीची अशी दशा करून इथे येत नाही.

विष्णुपंतांना इंजिनाबद्दल जेवढी माया होती, तेवढाच माणसाबद्दल तिटकारा. त्यातही स्टिअरिंग धरणाऱ्या माणसाबद्दल विशेष. त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. गाडीत तीन प्रकारचं वजन असतं: पेट्रोल, स्टेपनी आणि ड्रायव्हर. यातली पहिली दोन उपयोगाची. ड्रायव्हरला ते नावानं क्वचितच हाक मारत. 'वजन आलं का?' असं विचारत. 'वजनाला सांगा, चहा नंतर.' शर्यतीच्या आदल्या दिवशी ते आपल्या ड्रायव्हरला शेजारच्या लाकडाच्या वखारीत नेऊन ओंडके तोलायच्या काट्यावर उभं करीत आणि आकडा खडूनं पागेच्या भिंतीवर लिहून ठेवीत.

हा ड्रायव्हर म्हणजे नंदूशेठ. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानाचे थोरले चिरंजीव. वजन ब्याऐंशी किलो, त्यातला बराचसा भाग मिशी आणि आत्मविश्वास. गाडी कागदोपत्री नंदूशेठची. पण बांधली विष्णुपंतांनी, आणि ती आपली नाही असं त्यांना कोणी सांगू धजलं नाही. डाळिंबी रंगाची ती गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी पागेत होतो. बाकीच्या गाड्या सुरू होताना भांडी पडल्यासारखा आवाज करीत. ही नुसती घसा खाकरून गायला बसली. विष्णुपंत फडकं खांद्यावर टाकून, डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, आता यात अडाण्यातला अडाणी बसवा, पहिली येईल. हे त्यांचं म्हणणं ते पुढचे सहा उन्हाळे म्हणत राहिले, आणि नंदूशेठ ते सहा उन्हाळे खोटं पाडत राहिले.

स्वतः विष्णुपंत मात्र स्टिअरिंगच्या मागे कधी बसले नाहीत. पागेतून गाडी बाहेर काढायची तरी चार माणसांना ढकलायला लावीत. गाडी तपासायला रस्त्यावर नेली की नंदूशेठ चालवीत आणि हे शेजारच्या सीटवर, कान डॅशबोर्डला लावून, डोळे मिटून. घरून गॅरेजला सायकलनं येत आणि सायकलही चढावर हातात धरून चालवीत. डॉक्टरांनी एकदा छेडलं, पंत, एवढं कळतं तर एक फेरी मारून दाखवा की. त्यावर पंत म्हणाले, तुम्ही स्वतःची दाढ स्वतः उपटता का? आम्हाला वाटलं, काय हा मोठेपणा! गवयानं स्वतः पेटी वाजवायची नसते, तसं काहीतरी असेल.

आता म्हसोबाची गोष्ट सांगतो, कारण ती झाली नसती तर धायरीला कोणी ओळखलंच नसतं. तसं अजूनही ओळखत नाहीच.

पहिल्या उन्हाळ्यात विष्णुपंतांना रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक मिळालं. त्यात अशाच मातीच्या गोलात पळणाऱ्या गाड्यांचे फोटो होते. सगळ्या गाड्या घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे सतत डावीकडे वळत पळत होत्या. पंतांनी ते फोटो भिंगाखाली तपासले आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गाडी सतत डावीकडे वळणार असेल तर तिचं अंग उजवीकडे फेकलं जाणार. म्हणजे जड वस्तू डावीकडे हव्यात. झालं. महिनाभर खपून त्यांनी बॅटरी डावीकडे नेली, पेट्रोलची टाकी डावीकडे सरकवली, डाव्या बाजूला खाली शिशाच्या पट्ट्या ठोकल्या आणि स्प्रिंगा एका बाजूच्या ताठ, दुसऱ्या बाजूच्या नरम केल्या. ड्रायव्हर तेवढा उजवीकडेच राहिला. आपल्या देशात तो तिथेच बसतो, त्याला इलाज नव्हता. वजन नेहमी चुकीच्याच जागी असतं, असं म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

रविवारी गाडी धायरीत आली. तात्या धोतराचा सोगा धरून सावकाश चालत आले. गोलाच्या मधोमध, एका बाभळीखाली, शेंदूर फासलेला म्हसोबा होता. तो त्या रानाचा राखणदार. गोल त्याच्याभोवती आखला होता, कारण तो हलणार नव्हता. तात्यांनी गाड्या कोणत्या तोंडानं उभ्या आहेत ते पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की, सगळ्यांनी तोंडं फिरवून घ्यावीत.

पंत म्हणाले, का?

"देव उजव्या हाताला ऱ्हायला पायजे," तात्या म्हणाले. "उलटी परदक्षिणा माझ्या रानात चालायची न्हाई."

पंतांनी मासिक काढलं, फोटो दाखवले. तात्यांनी सगळे फोटो नीट पाहिले. त्यांनी एकच प्रश्न केला, की ह्या गोलांच्या मधी देव हाय का? पंत म्हणाले, नाही. मग फिरू द्या त्यांना कसंबी, असं म्हणून तात्यांनी मासिक परत केलं.

ज्या माणसानं पुण्यातल्या एकाही गिऱ्हाइकाचं म्हणणं कधी ऐकून घेतलं नव्हतं, त्याला एका शेतकऱ्यानं दोन वाक्यांत गाडी उलटी करायला लावली. त्या सकाळची रेस झाली आणि आमची गाडी शेवटून दुसरी आली. शेवटची आली ती बंद पडलेली होती. पुढचा आठवडाभर पंतांनी बॅटरी उजवीकडे, टाकी उजवीकडे, शिसं उजवीकडे अशी बिऱ्हाडं हलवली. मी शनिवारी पागेत गेलो तर चेहऱ्यावर चक्क समाधान. म्हणाले, भोंगेसाहेब (हे मी), तुमच्या लक्षात आलं का? आता वजन आपोआप योग्य बाजूला आलं. त्या माणसाच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बरोबर झालं, आणि तेही म्हसोबामुळे.

त्या दिवसापासून आमची गाडी खरोखरच उत्तम झाली. हे मी खवचटपणानं बोलत नाही. वळणावर बाकीच्या गाड्या धुळीत घसरत बाहेर जायच्या आणि ही डाळिंबी बया रुळावरून चालल्यासारखी म्हसोबाला धरून फिरायची. सरळ रेषेत काय, वळणावर काय, तिला तोड नव्हती. दहा फेऱ्यांची रेस असायची. आठव्या फेरीपर्यंत ती पुढे असणार हे ठरलेलं. आणि नवव्या फेरीत नंदूशेठ काहीतरी करणार हेही.

काय करायचे? नंदूशेठना प्रेक्षक दिसायचे, हा त्यांचा आजार. एकदा पुढे असताना त्यांनी पांढरा हातमोजा घातलेला हात बाहेर काढून लोकांना अभिवादन केलं. गाडी एका हातावर वळणातून बाहेर गेली, बांधावरून उडाली आणि कडब्याच्या गंजीत उलटी होऊन बसली. आम्ही सगळे धावलो. विष्णुपंत धावले नाहीत, पण पोचले सगळ्यांच्या आधी. आत नंदूशेठ पट्ट्याला उलटे लटकत होते, मिशीत कडबा. पंत गुडघ्यांवर बसले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, थांबा, हलू नका, आधी तेल गळतंय का बघू. मग चारी चाकं हातानं फिरवून बघितली, बॉनेटवरून फडकं फिरवलं, आणि गाडीला, हो, गाडीलाच, हळू आवाजात विचारलं, फार लागलं का गं? नंदूशेठ आतून म्हणाले, पंत, मी पण आहे इथे. पंत म्हणाले, माहीत आहे, म्हणून तर ही वेळ आली.

याहून वाईट प्रकार सोमवारी व्हायचा. दर रेसनंतर पंत नंदूशेठना शाळेसारखं प्रगतिपुस्तक द्यायचे. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, निळ्या शाईत टाकानं काढल्यासारखं सुरेख अक्षर. 'वळण पहिलं: ब्रेक अकारण. वळण दुसरं: ब्रेक गरज असताना नाही. फेरी सहा: गिअर बदलताना यंत्रास शारीरिक इजा. फेरी नऊ: लोकांकडे पाहिले. एकंदर मत: याच इयत्तेत ठेवावे.' हा पुठ्ठा पंत स्वतः सायकलवरून लक्ष्मी रोडला नेऊन, गिऱ्हाइकं बसलेली असताना, गादीवर ठेवत. बायका शालू बघायच्या थांबून तो वाचत. नंदूशेठ हसून खिशात घालत. सहा उन्हाळे हसून घालत होते. मला कौतुक वाटायचं. मी असतो तर पहिल्याच उन्हाळ्यात पेठ बदलली असती. एकदा मी विचारलं की हे का सहन करता? ते म्हणाले, अहो, गाडी कशी चालते बघता ना? तशी गाडी बांधणारा दुसरा कुठे आहे? त्या उत्तरानं तो माणूस माझ्या नजरेत थोडा वर चढला. नंतरच्या रविवारी त्यांनी पुन्हा हात हलवला आणि तो परत खाली आला.

सहाव्या उन्हाळ्यात कळलं की तात्यांनी रान बिल्डरला दिलं. पुढच्या वर्षी ज्वारी नाही, गोल नाही. म्हसोबा तेवढा राहणार, कारण तात्यांनी खरेदीखतात तशी अट घातली होती. शेवटच्या रेसचा रविवार ठरला.

मैदानावर कोणी शोक केला नाही. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, बायको कटकट करत होती. पण विष्णुपंतांचं जेवणावरचं लक्ष उडालं, हे मला काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून कळलं. कारण उघड होतं. सहा वर्षं ते सांगत आले होते की गाडी निर्दोष आहे. सहा वर्षांत गाडी एकदाही पहिली आली नव्हती. आता एकच रविवार उरला. त्या दिवशी ती पहिली आली नाही तर उरलेलं आयुष्य ते म्हणत राहणार की वजन नालायक होतं, आणि लोक मान डोलावून मनात म्हणणार की हे सगळेच मेस्त्री म्हणतात. पंतांना ते सहन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधलं. नंदूशेठना महिनाभर पुरणपोळी बंद केली. काट्यावर उभं करून ब्याऐंशीचे ऐंशी झाले तेव्हा खडूनं लिहिलेल्या आकड्याखाली एक रेघ ओढली. त्यांच्या हिशेबी ही शाबासकी होती.

रविवारी सकाळी नंदूशेठ आले ते उजवा हात प्लास्टरमध्ये घेऊन. शनिवारी दुकानात, वरच्या फळीवरचा पैठण्यांचा गठ्ठा काढताना ते शिडीवरून पडले होते. सहा वर्षांत एकाही अपघातात ज्याचं काही मोडलं नाही, तो माणूस साड्यांनी मोडला. पंतांनी प्लास्टरकडे पाहिलं. हात कुठे मोडला, कसा मोडला, विचारलं नाही. बाकीचे ड्रायव्हर आपापल्या गाड्यांशी बांधलेले. गाडी उभी, इंजिन तयार, चालवायला कोणी नाही. लोक जमले होते. काकूही पहिल्यांदाच आल्या होत्या, डब्यात थालीपीठं घेऊन, आणि माझ्या शेजारी सावलीत खुर्चीवर बसल्या होत्या.

पंत म्हणाले, संपलं. गाडी झाका.

तेव्हा नंदूशेठ बोलले. सहा वर्षांचे पुठ्ठे त्यांच्या आवाजात होते, पण आवाज अगदी गिऱ्हाइकाशी बोलावा तसा गोड.

"असं कसं, पंत? तुम्हीच बसा. गाडी निर्दोष आहे ना? मग वजन कोणतंही चालेल."

पंतांचा सिद्धान्त सहा वर्षं फिरत फिरत, म्हसोबाला उजव्या हाताला ठेवून, परत त्यांच्याच दाराशी आला होता. नाही म्हणावं तर गाडीला चांगला ड्रायव्हर लागतो असं कबूल केल्यासारखं. हो म्हणावं तर... ते का घुटमळतायत, हे आम्हाला कळेना. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, मी अठ्ठेचाळीस किलो आहे. नंदूशेठ ऐंशी. तोल जाईल. बत्तीस किलो वाळू आणा. वाळू आली. पोतं उजव्या बाजूला बांधायला त्यांनी अर्धा तास लावला. तीन वेळा गाठ सोडून पुन्हा मारली. शेवटी गाठीत काही सुधारणा उरली नाही तेव्हा कानटोपीवर नंदूशेठचं हेल्मेट चढवलं आणि खिडकीतून आत पाय टाकला.

आणि काकू उठून उभ्या राहिल्या. माझ्या हातात माईक होता, तो चालू होता, आणि त्या माझ्या अगदी जवळ होत्या. त्यामुळे त्या जे म्हणाल्या ते सबंध धायरी गावानं ऐकलं.

"अहो, पण तुम्हाला गाडी येते कुठे?"

एक पाय आत, एक पाय बाहेर, अशा अवस्थेत विष्णुपंत थांबले. मी त्या मैदानावर अनेक गाड्या उलटलेल्या पाहिल्या, पण इतकं काही एका क्षणात उलटलेलं पाहिलं नाही. शेजारची सीट, ढकलणारी चार माणसं, डॉक्टरांची दाढ, हातात धरून चालवलेली सायकल, सगळं लोकांच्या डोक्यात एकाच वेळी जागेवर बसलं. कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. नंदूशेठ हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. ते पुढे होऊन हळूच म्हणाले, पंत, राहू द्या, मी चुकलो. पंतांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मला येत नाही, हा गाडीचा दोष नाही," ते म्हणाले, आणि दुसरा पाय आत घेतला.

निशाण पडलं. सात गाड्या गेल्या. आठवी गचका देऊन बंद पडली. जे इंजिन सहा वर्षांत कधी बंद पडलं नव्हतं, ते बांधणाऱ्याच्या पायानं बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा गचका. क्लच म्हणजे काय, त्याच्या आत किती तबकड्या, त्या कशा चिकटतात आणि कशा सुटतात, हे त्या मैदानावर सगळ्यांत जास्त या माणसाला ठाऊक होतं. फक्त ते त्याच्या पायांना कोणी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा गाडी निघाली. पहिल्या गिअरमध्ये. पहिल्या वळणाला ती वळायची राहूनच गेली, बांधाला विचारून परत आली. मी लाऊडस्पीकरवर काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही, आणि माझ्या बाबतीत हे इतिहासात एकदाच घडलेलं आहे.

चौथ्या फेरीत त्यांनी दुसरा गिअर टाकायचा प्रयत्न केला. असा आवाज आला की पोल्ट्रीवाल्यांनी कानांवर हात ठेवले. पंतांचा चेहरा, गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडल्यासारखा झाला. ओठ हललेले मी पाहिले. गिअरबॉक्सची माफी मागत होते. पुन्हा पहिला गिअर. बाकीच्या गाड्या डावीकडून उजवीकडून जात होत्या, धूळ अंगावर घालत होत्या. डॉक्टरांनी दहा फेऱ्या संपवल्या, पहिले आले, हातही हलवला. कोणी बघितलं नाही. पंतांच्या तेव्हा पाच झाल्या होत्या.

रेस संपली होती. निशाणवाल्यानं तात्यांकडे पाहिलं, आता त्यांना थांबवू का? तात्या बाभळीखाली बसले होते. त्यांनी मान हलवली. परदक्षिणा मधी मोडत न्हाईत, म्हणाले, होऊ द्या पुऱ्या.

मग रिकाम्या गोलात ती एकटी गाडी फिरत राहिली. सहावी. सातवी. आवाज तोच, घसा खाकरून गायला बसल्यासारखा, एक सूर इकडे नाही की तिकडे नाही. लोक आधी हसत होते, मग आठव्या फेरीपासून माझ्याबरोबर मोठ्यानं मोजायला लागले. काकू थालीपीठाचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. नवव्या फेरीत प्रेक्षकांसमोरून जाताना पंतांनी कोणाकडेही पाहिलं नाही. ही नोंद मी मुद्दाम घेतली. दहाव्या फेरीला गाडी म्हसोबासमोर येऊन, शेवटचा गचका देऊन थांबली.

आम्ही धावलो. नंदूशेठ आधी पोचले, मग मी माईकची वायर ओढत. पंत आत बसून होते. बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. चष्म्याच्या भिंगांवर धूळ इतकी, की मागे डोळे आहेत की नाहीत कळेना. सगळं मैदान थांबलं होतं. पंत निकाल देणार होते. नंदूशेठनी डाव्या हातानं त्यांचं एकेक बोट सोडवलं. पंत बोलले. एकच वाक्य. मी माईकवर तळहात दाबला, कारण ते ऐकताक्षणी मला कळलं की हे लोकांसाठी नाही. मग हात काढला आणि माझ्या गणेशोत्सवी आवाजात जाहीर केलं: विष्णुपंत म्हणतात, गाडी उत्तम, वजन नालायक! मैदान हसून हसून लोळलं. टाळ्या पडल्या. तात्यांनी नारळ फोडला.

पुढच्या महिन्यात माझी नागपूरला बदली झाली. विष्णुपंतांना मी त्यानंतर पाहिलं नाही. काही वर्षांनी गेल्याचं पत्रानं कळलं. धायरीच्या त्या रानात आज सात मजली इमारती आहेत. मधोमध बाभळीशिवायचा म्हसोबा आहे, आणि रहिवासी आपल्या गाड्या त्याच्याभोवती वाट्टेल त्या दिशेनं फिरवून पार्क करतात. जुनी माणसं भेटली की अजूनही ते वाक्य सांगतात. काय तो तोरा, म्हणतात. स्वतःलासुद्धा सोडलं नाही! मी मान डोलावतो. नंदूशेठही डोलावतात. दुकानात गादीखाली त्यांनी सगळे पुठ्ठे जपून ठेवलेत, आणि त्या रविवारनंतर त्यांना एकही आला नाही, हे त्यांनी माझ्याशिवाय आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पण आता पंत नाहीत आणि माझंही वय खोटं सांभाळण्याचं राहिलेलं नाही. म्हणून जाहीर करतो. ते वाक्य माझं होतं. दाबके विष्णुपंत, राहणार सदाशिव पेठ, धुळीनं माखलेल्या भिंगांतून नंदूशेठच्या तोंडाकडे बघत, त्यांचा प्लास्टरमधला हात दोन्ही हातांनी धरून जे बोलून गेले ते एवढंच होतं:

"अहो नंदूशेठ, हे फार अवघड आहे हो."